कृत्रिम सांध्यांचे संक्रामण

कृत्रिम सांध्यांचे संक्रामण : निकामी सांध्याच्या जागी बसविलेल्या धातू व प्लॅस्टिक यांच्या सांध्याभोवती सूक्ष्मजंतूंची वाढ होऊन उद्‌भवणारी विकृती. खुबा व गुडघा यांच्या पहिल्या सांधेरोपणानंतर ती सु. १ ते २ टक्के रुग्णांत आढळते.

कारणे : पुंजगोलाणू हे प्रमुख कारण होय. ते शस्त्रक्रियेच्या वेळी जखमेतून किंवा पुढे केव्हाही रक्तावाटे सांध्यात शिरतात. कृत्रिम पृष्ठभागाला रक्तपुरवठा नसल्याने सूक्ष्मजंतू त्यास चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात. यास जैवपटल म्हणतात. त्यातील सूक्ष्मजंतूंवर शरीराच्या संरक्षक कोशिका व प्रतिजैव औषधे यांचा प्रभाव अल्प पडतो. म्हणूनच केवळ औषधांनी हा रोग सहसा बरा होत नाही.

लक्षणे व निदान : तीव्र प्रकारात ताप, सूज व लाली ही लक्षणे दिसतात. चिरकारी प्रकारात मात्र केवळ वेदना असते व सांधा सैल झाल्याचा भास होतो. रक्तातील सी-प्रतिक्रियाशील प्रथिन वाढलेले असल्यास संशय बळावतो. परंतु ते प्राकृत असल्याने रोग नाही असे ठरत नाही. सांध्यातील द्रव सुईने काढून त्यातील श्वेत कोशिका मोजतात व संवर्धन करतात. त्वचेपासून सांध्यापर्यंत पोहोचणारा नाडीव्रण असल्यास किंवा दोन स्वतंत्र नमुन्यांत एकच सूक्ष्मजंतू आढळल्यास निदान निश्चित मानतात. नमुने घेण्यापूर्वीच प्रतिजैव औषध दिल्यास संवर्धन निष्फळ ठरू शकते. म्हणून रुग्णाची प्रकृती गंभीर नसल्यास आधी नमुना व मग औषध असा क्रम पाळतात. मंद वाढणाऱ्या सूक्ष्मजंतूंसाठी संवर्धन १४ दिवसांपर्यंत ठेवतात.

उपचार : लक्षणे अलीकडची असून सांधा घट्ट असल्यास दूषित ऊतक काढून सांधा धुतात व त्याचे सुटे भाग बदलतात. जैवपटल पक्के झाल्यावर संपूर्ण सांधा काढावा लागतो. नवा सांधा त्याच वेळी किंवा काही आठवड्यांनी बसवितात. मधल्या काळात प्रतिजैवयुक्त अस्थिसिमेंटचा ठोकळा ठेवतात. शस्त्रक्रियेनंतर प्रतिजैव औषधे दीर्घकाळ देतात. फ्रान्समधील २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६ आठवड्यांच्या औषधोपचारापेक्षा १२ आठवड्यांच्या उपचारानंतर संक्रामण कमी रुग्णांत टिकून राहिले.

प्रतिबंध : खुब्याच्या आधुनिक कृत्रिम सांध्याचे प्रवर्तक ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्न्‌ली यांनी शस्त्रक्रियागृहात गाळलेल्या हवेचा वापर सुरू केला. छेद घेण्यापूर्वी प्रतिजैव औषध देणे, मधुमेहावर नियंत्रण ठेवणे व धूम्रपान थांबविणे हे उपायही महत्त्वाचे आहेत.