क्रीडा मोटारगाड्यांची प्रवेगक्षमता

क्रीडा मोटारगाड्यांची प्रवेगक्षमता : स्थिर स्थितीतून ठराविक वेग गाठण्यास मोटारगाडीला लागणारा अवधी हे तिच्या प्रवेगक्षमतेचे (वेग वाढविण्याच्या क्षमतेचे) रूढ माप आहे. यूरोप खंडात ताशी ० ते १०० किमी., तर ब्रिटन व अमेरिका येथे ताशी ० ते ६० मैल (९६.६ किमी.) हा टप्पा त्यासाठी धरतात. या एकाच आकड्यावरून दोन गाड्यांतील श्रेष्ठ कोणती हे ठरविण्याचा प्रघात असला, तरी भौतिकीच्या दृष्टीने तो सदोष आहे. कमी वेगाला गाडीच्या प्रवेगावर एक मर्यादा पडते, तर जास्त वेगाला दुसरीच. १९८० नंतरच्या दशकातील पोर्श ९५९ (जर्मनी) व फेरारी एफ ४० (इटली) या दोन गाड्यांच्या तुलनेवरून हे चांगले स्पष्ट होते.

दोन्ही गाड्यांचे मूळ ‘ग्रुप बी’ नावाच्या शर्यतींच्या वर्गात आहे. हा वर्ग १९८६ नंतर बंद झाला. पोर्शने ९५९ चे पूर्वरूप १९८३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडले. या गाडीने १९८६ ची पॅरिस–डाकार शर्यत जिंकली व १९८७ पासून ती ग्राहकांना मिळू लागली. फेरारी कंपनीच्या चाळिसाव्या वर्धापनाच्या निमित्ताने जुलै १९८७ मध्ये एफ ४० सादर झाली; संस्थापक एन्झो फेरारी (१८९८–१९८८) यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेली ही अखेरची गाडी होय.

पोर्शचे २,८४९ घ.सेंमी. धारणेचे सहा सिलिंडरांचे एंजिन गाडीच्या मागील टोकाशी असून ते ४५० अश्वशक्ती (३३१ किवॉ.) व ५०० न्यूटन मी. परिपीडन (फिरविणाऱ्या प्रेरणेचे परिबल) देते. फेरारीचे आठ सिलिंडरांचे, २,९३६ घ.सेंमी.चे एंजिन चालकाच्या पाठीमागे, मागील आसाच्या पुढे बसविलेले असून त्याची शक्ती ४७८ अश्वशक्ती (३५२ किवॉ.) व परिपीडन ५७७ न्यूटन मी. आहे. फेरारी वजनानेही बरीच हलकी आहे. असे असता ताशी १०० किमी. वेग गाठण्यास पोर्शला ३.७ ते ३.९ सेकंद लागतात, तर फेरारीला तिच्या उत्पादकांच्याच आकड्यानुसार ४.१ सेकंद. अधिक शक्तीची व हलकी गाडी मागे पडते, हे वरवर पाहता विपरीत वाटते.

याचे कारण एंजिनात नसून टायर व रस्ता यांच्या संपर्कात आहे. गाडीला पुढे ढकलणारी प्रेरणा शेवटी घर्षणातूनच मिळते व ती चालक चाकांवरील (एंजिनाने फिरविल्या जाणाऱ्या चाकांवरील) भार गुणिले घर्षण गुणांक यापेक्षा जास्त होऊ शकत नाही. घर्षण गुणांक १ मानला व चारही चाके चालक असली, तर प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाइतका, म्हणजे ९.८ मी./से.², होऊ शकेल आणि १०० किमी.चा टप्पा २.८ सेकंदांत पुरा होईल. फक्त मागील चाके चालक असतील व सुटताना मागे सरकणारा भार धरून त्यांच्यावर एकूण भाराचा ७० टक्के भाग येत असेल, तर हाच अवधी ४ सेकंदांवर जातो. फेरारीची मागील चाकेच चालक आहेत. तिचा ४.१ सेकंद हा आकडा या मर्यादेला जवळजवळ भिडलेला आहे. एंजिनाची शक्ती आणखी वाढवली असती, तरी चाके जागच्या जागी अधिक घसरली असती, इतकेच. पोर्शमध्ये चारही चाकांना शक्ती मिळते व पुढील आणि मागील आसांमधील तिची वाटणी बहुचकती क्लचद्वारे परिस्थितीनुसार बदलते. कोरडा, ओला, हिमाच्छादित अशा रस्त्यांसाठी चालकाला वेगवेगळे क्रम निवडता येतात. ओल्या रस्त्यावर घर्षण गुणांक घटला की, दोन्ही गाड्यांतील अंतर आणखी वाढते.

ताशी १०० किमी.च्या पुढे चित्र पालटते. प्रेरणा म्हणजे शक्ती भागिले वेग. त्यामुळे वेग वाढेल तशी एंजिनाकडून मिळणारी प्रेरणा घटत जाऊन टायरांच्या मर्यादेखाली येते आणि शक्ती व वस्तुमान यांचे गुणोत्तर निर्णायक ठरते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने १०० पासून २०० किमी.पर्यंत जाण्यास पहिल्या टप्प्याच्या तिप्पट ऊर्जा लागते. हवेचा विरोध येथे धरलेला नाही. या टप्प्यात फेरारी पोर्शला मागे टाकते. मात्र तिचे श्रेष्ठत्व किती, हे वस्तुमान कोणते घेतले यावर अवलंबून आहे. फेरारीचे प्रसिद्ध वस्तुमान (१,१०० किग्रॅ.) इंधन, तेल व पाणी वगळून दिलेले, तर पोर्शचे (१,४५० किग्रॅ.) सज्ज गाडीचे आहे. हे आकडे तसेच वापरल्यास फेरारीचे गुणोत्तर सु. ४० टक्क्यांनी सरस दिसते. दोन्ही गाड्या इंधन व चालक यांसह मोजल्यास हा फरक सु. २० टक्क्यांवर येतो. जाहिरातींत पहिलाच आकडा अधिक आढळतो.

परमवेगात (ताशी सु. ३१७ व ३२४ किमी.) मात्र फरक अल्प आहे. हवेच्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून इतर बाबी समान असता ६ टक्के जादा शक्तीने वेग सु. २ टक्केच वाढतो.

दोन्ही एंजिनांना टर्बोचार्जर (निष्कास वायूंनी फिरणारे व सिलिंडरांत जादा हवा भरणारे संपीडक) जोडलेले आहेत. फेरारीचे दोन्ही संपीडक एकाच वेळी काम करतात. फेरे कमी असताना ते मंद असतात आणि पुरेसा दाब निर्माण झाल्यावर शक्ती एकाएकी उसळते. पोर्शमध्ये कमी फेऱ्यांना एकच संपीडक चालतो व दुसरा नंतर त्याला येऊन मिळतो, त्यामुळे शक्ती अधिक समपणे वाढते. शर्यतीतील कसबी चालकाला हा फरक फारसा जाचत नाही. सामान्य चालकाला तो वळणावर महागात पडू शकतो. फेरारीत चाके अडकू न देणारी गतिरोधक योजना नाही आणि सुकाणू चाक फिरविण्यास यांत्रिक साहाय्यही नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

मापनाच्या पद्धतीनेही आकडे बदलतात. अमेरिकेत बऱ्याच चाचण्यांत गाडी पहिले एक फूट (०.३ मी.) अंतर कापल्यावर घड्याळ सुरू करतात. ही प्रथा सरळ अंतराच्या शर्यतींतून आलेली असून तिच्यामुळे अवधी सु. ०.२ ते ०.३ सेकंदाने कमी भरतो. ४ सेकंदांच्या मापनात ही तफावत थोडी नव्हे. वर वर्णिलेल्या दोन गाड्यांतील फरकच तेवढा आहे. रस्त्याचा उतार, वारा, हवेचे तापमान व टायरांची उष्णता यांचाही परिणाम होतो. म्हणून दोन देशांतील चाचण्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून काढलेला निष्कर्ष विश्वसनीय नसतो.

एकविसाव्या शतकात चारही चाके विद्युत् चलित्रांनी फिरविणाऱ्या काही गाड्यांनी १०० किमी.चा टप्पा २ सेकंदांच्या आत आणला. विद्युत् चलित्र स्थिर स्थितीपासूनच कमाल परिपीडन देते व त्याचे नियंत्रण सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात करता येते. तथापि येथेही अंतिम मर्यादा टायरांचीच राहते. घर्षण गुणांक १ च्या बराच वर नेणाऱ्या खास रबरमिश्रणांशिवाय असे आकडे शक्य नसतात व त्यांपैकी पुष्कळसे एक फूट सूट धरूनच नोंदलेले आहेत.