मिश्री आणि हिरड्या

शिरूर-दौंडकडच्या गावांत आजही कित्येक बायका सकाळी मिश्रीने दात घासतात. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. ब्रश करताना रक्त येणे ही हिरडीच्या आजाराची पहिली खूण. पण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येते आणि आजार आत लपून वाढतो. म्हणून मिश्री लावणाऱ्या बाईने रक्ताची वाट पाहू नये. तोंडाला वास, हिरडी खाली सरकून लांब दिसणारे दात, दातांत वाढलेली फट, हलणारा दात, यांतले काहीही दिसले तर दंतवैद्याकडे जावे.

निरोगी हिरडी आणि दात यांमधली खाच साधारण 3 मिलिमीटरपर्यंत असते. ती खोल झाली की आतले हाड झिजू लागते, आणि झिजलेले हाड सहसा भरून येत नाही. नुसती सूज मात्र वेळीच सफाई केली तर पूर्ण बरी होते.

सफाईने दात हलतात, हा समज फार नुकसान करतो. किटण निघाल्यावर दात मोकळे वाटतात. ते सैल आधीच झालेले असतात. आजार खोल असेल तर मुळांचीही सफाई करतात, क्वचित शस्त्रक्रिया. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे: वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.