बिघाडाचे पत्र

पोस्टाच्या ओट्यावर बसून परक्यांची पत्रे लिहून देणारी मंडळी आता दिसत नाहीत. पण वाचकहो, तो धंदा बुडाला असे समजू नका. तो आपल्या खिशातल्या फोनने उचलला आहे. एखादे अ‍ॅप मध्येच बंद पडते, पडद्यावर 'समस्या कळवा' असे बटण येते, ते दाबावे तो ईमेल उघडते आणि पत्र लिहून तयार! पत्ता घातलेला, विषय घातलेला, खाली फोनचे मॉडेल, अ‍ॅपची आवृत्ती, बिघाडाची वेळ. आपण फक्त 'पाठवा' म्हणायचे.

मी मराठीचा प्राध्यापक, यंत्राच्या पोटात डोकावणे माझा प्रांत नव्हे. पण हा पत्रलेखनाचा प्रकार असल्यामुळे मी एका माजी विद्यार्थ्याला, जो हल्ली पुण्यात हेच काम करतो, खोदून खोदून विचारले.

बंद पडणारे अ‍ॅप पत्र स्वतः पाठवीत नाही. ते ईमेलच्या प्रोग्रामकडे एक चिठ्ठी सरकवते. तिला 'मेलटू' दुवा म्हणतात. नुसत्या पत्त्याऐवजी त्यात विषय आणि मजकूरही घालण्याची रीत १९९८ साली ठरली. २०१० च्या सुधारित नियमांनी इतर लिप्यांना रीतसर जागा दिली. जागा दिली खरी, पण भाडे जबर! देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार यांनासुद्धा, तीन बाइट लागतात, आणि दुव्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांनी लिहावा लागतो. आमचे अंबाजोगाई रोमन लिपीत नऊ अक्षरांत बसते. देवनागरीत त्याची एक्क्याऐंशी होतात! आता निवृत्त झालेल्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दुव्याची मर्यादा २०८३ अक्षरांची होती. म्हणजे मराठीची सुमारे २३० चिन्हे. एवढ्यात आमच्याकडचा माणूस नमस्कार-चमत्कारसुद्धा आटोपत नाही.

विंडोजवर दुसरी एक वाट होती, 'सिंपल मॅपी' नावाची. तिच्यातून फाइल जोडता येई, पण मजकूर जुन्या अक्षरसंचांतून जाई आणि विंडोजच्या त्या संचांत देवनागरीला घरच नव्हते. मराठी वाक्याच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ उमटे. २०१२ च्या विंडोज ८ पासून या वाटेला युनिकोडची सोय झाली.

बिघाडाची सविस्तर नोंदवही, जिला 'लॉग' म्हणतात, ती दुव्यात मावत नाही. ती जोडपत्र म्हणून द्यावी लागते. मेलटूच्या नियमांत जोडपत्राला जागा नाही. तरी काही ईमेल प्रोग्रामांनी परस्पर ती सोय ठेवली होती. २०२० साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवून दिले की, असा दुवा रचून कोणीही आपल्या संगणकावरची खाजगी फाइल आपल्याच पत्राला नकळत जोडवू शकतो. केमेल आणि इव्होल्यूशन हे प्रोग्राम त्यानंतर दुरुस्त झाले. अँड्रॉइडवर अ‍ॅप तेवढी एकच फाइल वाचण्याची तात्पुरती परवानगी ईमेलला देते. ही रीत मला जास्त शहाणपणाची वाटते.

आता त्या तयार पत्रात काय काय असते ते पाहा. दसरा झाला की बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. माझ्या एका विद्यार्थिनीचे आईवडील असेच कारखान्यावर गेलेले. शिष्यवृत्तीसाठी ती फोनवर कागदपत्रे स्कॅन करीत होती आणि अ‍ॅप बंद पडले. मुदत दोन दिवसांवर.

"सर, हे पाठवून देऊ का?" तिने फोन पुढे केला.

पत्र इंग्रजीत. खालच्या नोंदीत मात्र फाइलींची नावे होती, आणि पोरीने ती सोयीसाठी पूर्ण लिहिली होती : वडिलांचे नाव, गाव, 'उत्पन्नाचा दाखला', 'बँक पासबुक'. अ‍ॅप बनविणाऱ्याला यातले काय हवे? त्याला आवृत्ती हवी, वेळ हवी, कोठे अडले ते हवे. काही अ‍ॅपे हे सारे न दाखविताच पाठवून देतात. निदान येथे पत्र डोळ्यांपुढे तरी होते. आम्ही नावांच्या ओळी खोडल्या. मग मी म्हटले, "बंद पडले तेव्हा तू काय करीत होतीस, ते वर लिही. ते त्या यंत्राला ठाऊक नाही."

तिने मराठीत दोन ओळी लिहिल्या : तिसरे पान जोडताना अडते, पहिली दोन नीट जातात. 'पाठवा'वर बोट ठेवण्याआधी तिने ते पत्र पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचले.