रुग्णालयाची वीज मोजायची कशी?

कुर्ला पश्चिमेतल्या महापालिकेच्या भाभा रुग्णालयाचं वीजबिल परळच्या अवाढव्य केईएमच्या बिलाशेजारी ठेवलं, तर फारसं काही कळत नाही. म्हणून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो (स्थापना २००२) क्षेत्रफळाचा हिशेब लावतो: वर्षभरात वापरलेली युनिटं भागिले बांधीव चौरस मीटर. समजा, ५,००० चौ. मी. इमारतीत ६ लाख युनिटं लागली, तर निर्देशांक १२०. तळघरातलं पार्किंग यात धरायचं नाही, नाहीतर आकडा उगाच देखणा होतो.

दर खाटेमागे युनिटं, हा दुसरा हिशेब. पण सरकारी वॉर्डात जमिनीवरही गाद्या पडतात. तेव्हा खाटा मंजूर किती आणि रुग्ण किती, हे आधी ठरवावं.

खरी मेख वातानुकूलनात आहे. शस्त्रक्रियागृहातली हवा तासाला साधारण २० वेळा बदलावी लागते, आयसीयू रात्रीही चालू. त्यामुळे नुसत्या पंख्यांवर चालणारं रुग्णालय कागदावर फार 'कार्यक्षम' दिसतं! तुलना सारख्या सोयींच्या आणि सारख्या हवामानातल्या रुग्णालयांचीच करावी. इमारतींसाठीच्या ऊर्जा संहितेत मुंबई 'उष्ण-दमट' विभागात आहे, नागपूर 'संमिश्र' विभागात.