नववीच्या पुस्तकातला ड्रोन

ड्रोन आता बुलढाणा जिल्ह्यात कुणाला नवा नाही. लग्नाच्या शूटिंगला तो असतो, शेतात फवारणी करतो, स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणीही त्यानेच होते. पण तो ज्या नियमांवर उडतो ते नियम नववीच्या विज्ञानात आहेत, हे आपल्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही शिक्षक म्हणतो, ड्रोन वर्गात आला पाहिजे.

पंखे हवा खाली ढकलतात, हवा ड्रोनला वर ढकलते. मराठीत क्रिया-प्रतिक्रिया, उर्दू माध्यमात अमल आणि रद्दे-अमल. नावं दोन, नियम एकच, न्यूटनचा तिसरा. मग पंखे चार कशाला? दोन घड्याळाच्या दिशेने फिरतात, दोन उलट. चारही एकाच दिशेने फिरले तर ड्रोनच उलटा गरगरेल. पुढे जायचं असेल तर मागचे दोन पंखे जोरात फिरतात, ड्रोन पुढे झुकतो आणि सरकतो.

दहावीच्या त्रिकोणमितीलाही तो कामाचा. ड्रोन हवेत एका जागी थांबवा. त्याच्या बरोबर खालच्या जागेपासून २० मीटर मोजा. कोनमापक, दोरा आणि खडा घेऊन उन्नत कोन काढा. कोन ४५ अंश आला तर ड्रोन डोळ्यांच्या पातळीपासून २० मीटर उंच. फळ्यावर न कळलेलं गणित मैदानात कळतं.

भूगोलासाठी आपलं लोणार आहेच. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. वरून काढलेल्या फोटोत ते ९ सेंटीमीटर दिसलं, तर १ सेंटीमीटर म्हणजे २०० मीटर. नकाशाचं प्रमाण समजलं! मात्र तिथे अभयारण्य आहे, वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका. तयार फोटो पुरेसा आहे.

शाळेसाठी २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन बरा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे तो चालवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. तरी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा हिरव्या क्षेत्रात आहे का ते आधी पाहा. पंख्यांना जाळी हवी, फुगलेली बॅटरी वापरू नये, शिक्षक सोबत असावेत. पैसे नसतील तर खेळण्यातली मोटर, पंखा आणि सेल एकत्र बांधून दोऱ्याला टांगा. पंखा एकीकडे फिरतो, मोटर दुसरीकडे. जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथेही विचारा.

हा सगळा खटाटोप खेळासाठी नाही. मोठे ड्रोन व्यवसाय म्हणून चालवायचे तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. त्याची अट आहे वय १८ पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. दहावीच्या आसपास शाळा सोडणारी मुलं-मुली आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यासाठी हा दरवाजा दहावीच्या विज्ञान-गणितातूनच उघडतो. पालकांनो, पुढच्या पालक सभेत एवढंच विचारा: आमच्या मुलांना प्रयोग करून दाखवता का?