क्यूआर कोडयुक्त व्हिजिटिंग कार्ड
व्हिजिटिंग कार्डावर क्यूआर कोड छापला की कागदावरील परिचयाला अंकीय माहितीची जोड मिळते. जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी विकसित झालेल्या या कोडमध्ये कमाल २,९५३ बाइट माहिती मावते. यूटीएफ-८ संकेतपद्धतीत रोमन अक्षरास एक, तर देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. त्यामुळे मराठी मजकुराचा कोड अधिक दाट होतो आणि लहान आकारात छापल्यास मोबाइलला तो वाचणे कठीण जाते. म्हणून पुष्कळदा कोडमध्ये केवळ संकेतस्थळाचा पत्ता ठेवतात. अशी माहिती नंतर बदलता येते. परंतु ती कार्डावर नसून दूरच्या संगणकावर असते. संकेतस्थळ बंद पडल्यास कोड निरुपयोगी ठरतो. यास्तव नाव व दूरध्वनी क्रमांक कार्डावर स्पष्ट छापणेही आवश्यक ठरते.