आतून कडी लागते का?

सरकारी दवाखान्यातून घरी निघालेल्या माणसाला ‘इथं कसं वाटलं?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहे, एसटीची वेळ होत आलीय, डिस्चार्ज कार्डावर अजून सही व्हायचीय. शिवाय टाके दाखवायला पुन्हा इथंच यायचंय. अशा वेळी कोण कशाला वाकडं बोलेल? ‘समदं चांगलं हाय बाई, देवमाणसं हाईत इथली.’ पाचपैकी पाच.

मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असलेल्या बाईंबरोबर वॉर्डांतून फिरताना हे पाच-पाचचे रकाने भरताना मी पाहिले. राष्ट्रीय गुणवत्ता मानकांत, म्हणजे दवाखान्यातले सगळे ज्याला ‘एनक्यूएएस’ म्हणतात त्यात, रुग्णांच्या समाधानाचं सर्वेक्षण नियमित करावं लागतं. ओपीडीचा फॉर्म वेगळा, भरती रुग्णांचा वेगळा. प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण, त्यांची सरासरी, आणि ज्या मुद्द्यांना सर्वांत कमी गुण पडले त्यांवर काय केलं याची नोंद. पद्धत चांगली आहे. पण सगळा भार प्रश्न विचारणाऱ्यावर येतो: तो कुठे उभा राहून विचारतो, कुणासमोर विचारतो आणि काय विचारतो.

बाई वॉर्डात फॉर्म भरत नाहीत. सिस्टरचं टेबल समोर असताना सिस्टरबद्दल कोण बोलणार, असं त्यांचं म्हणणं. औषधांच्या खिडकीपलीकडे एक बाक आहे, तिथं त्या रुग्णाला घेऊन बसतात. सोबत सासू असेल तर तिला आधार कार्डाची झेरॉक्स आणायला पाठवतात. सासू नजरेआड झाली की सून वेगळं बोलते, हे मी तिथं ऐकलं. बाई लगेच फॉर्म काढत नाहीत. आधी गाव कोणतं, घरी कोण सांभाळणार, इथं जेवण मिळालं का, अशा गप्पा होतात आणि त्या गप्पांत अर्धा फॉर्म भरून होतो.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘मेरा अस्पताल’ सुरू केलं. केसपेपरवर दिलेल्या मोबाइलवर संदेश येतो, समाधानी आहात की नाही ते कळवायचं. नसाल तर कारण निवडायचं, जसं कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च. तक्रार थेट वर पोहोचावी हा हेतू मोलाचा. पण नोंदणीच्या खिडकीवर थोडा वेळ उभं राहिलं तर दिसतं, की म्हातारी माणसं पुण्याला कामाला असलेल्या मुलाचा नंबर देतात आणि बायका नवऱ्याचा. मग खाटेवर झोपलं एक माणूस आणि उत्तर देतं दुसरंच.

बाळंतिणींच्या वॉर्डातली एक मुलगी माझ्या लक्षात राहिली. स्वच्छतागृहाला तिने चार गुण दिले. बाईंनी फॉर्म बाजूला ठेवून विचारलं, ‘रात्री संडासला एकटी जायचीस का गं?’ ‘नाही, आई यायची.’ ‘का, चक्कर यायची?’ ‘चक्कर नाही. आतून कडीच लागत नाही ना. आई बाहेरून दार धरून उभी राहायची.’ मग हळूहळू कळलं, की आई दिवसा घरी गेली की ही पाणीच कमी प्यायची, म्हणजे जायची वेळ येणार नाही. ओली बाळंतीण, बाळाला अंगावर पाजणारी, आणि तहान मारून पडून राहिलेली. फॉर्मवर मात्र चार गुण, कारण प्रश्न स्वच्छतेचा होता आणि फरशी खरंच स्वच्छ होती.

‘कसं वाटलं’ आणि ‘काय घडलं’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. रुग्णाचा अनुभव मोजण्याचं सगळं शास्त्र या फरकावर उभं आहे. अमेरिकेत हार्वे पिकर हे एक्स-रे यंत्रांच्या व्यवसायातले गृहस्थ. पत्नीच्या दीर्घ आजारपणात उत्तम उपचार मिळूनही माणूस म्हणून तिची विचारपूस होत नाही, हे त्यांना डाचत राहिलं. १९८६ मध्ये त्यांनी पिकर इन्स्टिट्यूट काढली. रुग्णाला गुण मागू नका, घडलेलं विचारा, ही दिशा तिथल्या कामाने दिली. २००६ पासून तिकडच्या रुग्णालयांत राष्ट्रीय पातळीवर जे सर्वेक्षण होतं, त्यात हेच दिसतं. सिस्टर तुमचं नीट ऐकून घेत होत्या का? नवं औषध कशासाठी, हे सांगितलं का? उत्तरं चार: कधीच नाही, कधीकधी, बहुतेकदा, नेहमी. प्रश्न रुग्ण घरी गेल्यावर, किमान ४८ तासांनी विचारले जातात, आणि रुग्णालयाचे आकडे २००८ पासून कुणालाही पाहता येतात.

बाईंनी हे कुठे वाचलेलं नव्हतं. त्या अनुभवाने तिथंच पोहोचल्या होत्या. एका आजोबांनी ‘औषधांची माहिती दिली का’ या मुद्द्याला पाच गुण दिले. बाईंनी पिशवीतल्या गोळ्या बाकावर काढायला लावल्या. ‘ही कशाची?’ ‘साखरेची.’ होती रक्तदाबाची. पट्टी कापून दिल्यामुळे नाव अर्धंच उरलेलं, आणि कार्डावर १-०-१ असं लिहिलेलं. माहिती दिली नव्हती असं नाही, भरभर दिली होती. आता त्या वॉर्डात इन्चार्ज सिस्टरांनी एक रीत पाडली आहे: सांगून झालं की रुग्णालाच विचारायचं, ‘आजोबा, आता तुम्ही मला सांगा, उद्या सकाळी कोणती घेणार?’ चुकलं तर पुन्हा सांगायचं. याला वेळ लागतो, आणि एका पाळीला एकच सिस्टर असेल तर हा वेळ कुठून आणायचा? वागणुकीच्या रकान्यात दोन गुण पडतात तेव्हा त्या पाळीला किती सिस्टर आणि किती खाटा होत्या, हेही शेजारी छापायला हवं. त्याशिवाय तो आकडा एका दमलेल्या बाईवर ठेवलेला ठपका होतो.

आपल्याकडे अनुभव मोजण्याची आणखी एक वाट आहे, आणि मला ती जास्त जवळची वाटते. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पहिले पाच जिल्हे. राज्यभराचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे. नर्स गावात येते का, औषध बाहेरून आणायला लावतात का, पैसे मागतात का, हे गावातल्याच लोकांनी विचारायचं आणि प्रगतिपत्रकात हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरायचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही लाल रंग कळतो. मग जनसुनवाई: मांडवात अधिकारी समोर, आणि ज्याच्यावर बेतलं तोच माइक घेऊन बोलणार. बाकावर एकटीने जे सांगायला जीव कचरतो, ते शंभर माणसांत, आपलं गाव पाठीशी असताना सांगता येतं. आणि उत्तरही तिथल्या तिथं द्यावं लागतं.

कडीचं काय झालं? बाईंनी तिचा अर्ज केला. इमारतीची दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते, तिथं कागद फिरत राहिला. शेवटी रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून सुताराला बोलावलं आणि त्या मजल्यावरच्या सगळ्या दारांना कड्या बसल्या. पुढच्या महिन्यात स्वच्छतागृहाची सरासरी जवळपास होती तिथंच राहिली. कडीचा प्रश्नच फॉर्मवर नसल्याने ती बदलायला काही कारणही नव्हतं.

फॉर्मचा नमुना वरून ठरून येतो, त्यात भर घालता येत नाही. म्हणून बाई आता झेरॉक्स काढताना मागच्या कोऱ्या बाजूवर आपले चार प्रश्न हाताने लिहून घेतात. आतून कडी लागते का? रात्री हाक मारली तेव्हा कोण आलं? घरी गेल्यावर काय झालं तर लगेच परत यायचं? कुणी पैसे मागितले का? ही उत्तरं कोणत्याच तक्त्यात जात नाहीत. महिन्याच्या गुणवत्ता बैठकीत ती वाचून दाखवायला दहा मिनिटं मिळावीत, असं पत्र त्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांना दिलं आहे.